चिखलफेकीला एक नंबर

माझ्या हाताखालून गेलेला माणूस आजवर खड्ड्यात गेलेला नाही! गाडीपुरतं बोलतोय, संसाराची जबाबदारी मी घेत नाही. माझी ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि तिचा नियम एकच: गाडीत डोकं माझं, पाय तुमचे. शिकाऊ माणूस विचार करायला लागला की गाडी भिंतीकडे वळते. म्हणून मी बाजूच्या सीटवर, माझ्यासाठी बसवलेल्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, अखंड बोलत असतो.

अशा माणसाच्या मुलीनं लोकांना खड्ड्यात घालण्याचा धंदा काढला.

तिला घरात भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी टिकायची नाही. आता दिवसदिवस खुर्चीतून उठत नाही. तिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी मिळून कॉम्प्युटरवरचा शर्यतीचा खेळ बनवला. रस्ता सोडायचा आणि ओढ्यातून, दगडांवरून, टेकडीवरून गाड्या उडवायच्या. नाव ‘चिखलफेक’. खेळ अर्धाच झाला होता, त्यात आवाजही घातले नव्हते, तेव्हा तिनं मला एकदा खेळायला बसवलं. मी आधी आरसा शोधला, मग इंडिकेटर. दोन्ही नव्हते. बाकीच्या गाड्या शर्यत संपवून बसल्या तरी मी पहिल्या गिअरमध्ये एका डबक्याला वळसा घालत होतो.  शेवटी भिंगरीनं माझ्या हातातून ते खेळायचं यंत्र काढून घेतलं.

खेळ बाजारात आला त्या आठवड्यात ती जेवताना नुसता भात चिवडत होती. तिच्या आईनं दोनदा विचारल्यावर बोलली.

“ज्या ऑनलाइन दुकानात खेळ ठेवलाय ते लोक शनिवारी ठरवणार. पहिल्या पानावर ठेवायचा की मागे ढकलायचा. मागे गेला की कुणाला दिसत नाही. मग आम्ही बंद करणार.”

“आणि मग तू?”

“दुसऱ्या शहरातून बोलावणं आलंय. नोकरी चांगली आहे, बाबा.”

 चांगली नोकरी ऐकून बापाला आनंद व्हायला हवा, हे मला कळतं. पण मला झाला नाही.

“ते ठरवणार कशावरून?”

“खेळणाऱ्यांच्या मतांवरून. आमच्याकडे मतंच थोडी आहेत.”

तिनं दाखवली. ‘उडी मारली की पोटात गोळा येतो, मस्त.’ ‘चिखल इतका खरा की खेळून झाल्यावर हात धुतले.’ ‘गाडी ओल्या साबणासारखी निसटते.’ ‘बाजूच्या माणसाला आवरा.’ शेवटचं मला कळलं नाही, पण भाषा आवडली नाही.

मतं हवीत ना? मग माझ्याकडे शिकाऊ आणि शिकून गेलेल्या मंडळींची फौज पडून होती! भिंगरीला न सांगता मी सगळ्यांना मेसेज टाकला: ‘माझ्या मुलीच्या खेळाला एक नंबर द्या. प्रश्न विचारू नयेत.’ सुरुवात स्वतःपासून केली. पडद्यावर पाच तारे ओळीनं होते. मी पहिला दाबला. पहिला तो पहिला. शाळेत माझा पाचवा नंबर आला होता तेव्हा वडील माझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंगरी घरी आली तीच पडलेल्या चेहऱ्यानं.

“बाबा, कुणीतरी आमच्यावर उठलंय. सगळ्यांनी एकेक तारा दिलाय. आणि लिहिलंय काय बघा. ‘अप्रतिम, एक नंबर.’ तारा एक. ‘असा खेळ होणे नाही.’ तारा एक. टोमणे मारतायत.”

“टोमणे कसले? कौतुक आहे ते.”

“आणि हे बघा. ‘सरांनी सांगितलं म्हणून.’” तिनं ते पुन्हा वाचलं. “सर?”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिला हे असं पाहता येतं.

“अहो, काय करून ठेवलंत?”

मी सगळं सांगितलं. जरा अभिमानानंच सांगितलं.

“बाबा, एक तारा म्हणजे सगळ्यात वाईट.”

“मग पाच?”

“सगळ्यात चांगला.”

“पण मी एवढ्या जणांना सांगितलं, एकानंही विचारलं नाही!”

“विचारू नका म्हणून लिहिलं होतंत ना,” बायको म्हणाली.

भिंगरी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि तिनं दार अगदी हळू लावलं. मी बाहेर उभा राहिलो. आयुष्यभर दुसऱ्याची गाडी वेळेवर थांबवत आलो आणि पोटच्या पोरीची गाडी मीच दरीत ढकलली, असं वाटत राहिलं.

“भिंगरे, सगळ्यांना आत्ता पाच द्यायला लावतो,” मी दाराला म्हणालो.

दार उघडलं. “नको. त्यातलं कुणी खेळलेलंच नाही. न खेळता दिलेले पाचही खोटेच. आधी खेळायला सांगा. मग ज्याला जे वाटेल ते देऊ दे.”

“जे वाटेल ते?”

“जे वाटेल ते.”

भर उतारावर ब्रेकवरून पाय काढायला सांगावं, तसं झालं मला. तरी मी लिहिलं: ‘खेळून बघा. मग आपल्या डोक्यानं मत द्या.’ लगेच एकाचा फोन आला. “सर, आपल्या म्हणजे नक्की कोणाच्या डोक्यानं?”

दुसऱ्या दिवशी शिकवणीला दाताच्या डॉक्टरीणबाई होत्या. सिग्नलला गाडी थांबली तशा त्या म्हणाल्या, “सर, खेळले मी. पहिल्याच वळणावर घाम फुटला. वाटलं, तुम्ही इथेही आलात.”

“मी?”

“‘क्लच म्हणजे पायपुसणं नाही!’ हे तुमचंच वाक्य ना?”

माझंच होतं. त्यांनी गाडी कडेला घेऊन फोनवर खेळाचा व्हिडिओ दाखवला. चिखलात उडणाऱ्या त्या गाडीत बाजूच्या सीटवर एक म्हातारा. मिशा माझ्या, चष्मा माझा. पायाखाली ब्रेक नाही, तरी पाय दाबतोय आणि तोंड चालूच. ‘बाजूच्या माणसाला आवरा.’ आता उलगडा झाला.

घरी आल्याआल्या मी भिंगरीला गाठलं.

“मला विचारलं का नाहीस?”

“विचारून रेकॉर्ड केलं असतं तर तुम्ही नीट बोलला असतात.”

“चेष्टा आहे का माझी?”

“थोडी आहे.” मग ती म्हणाली, “आधी बाजूला कुणीच नव्हतं, बाबा. गाडी पळायची, उडायची, सगळं बरोबर. पण डोंगरात एकटं गेलं की भकास वाटायचं. काय कमी आहे तेच कळेना. मग आठवलं, मी गाडी शिकत होते तेव्हा मला भीती वाटायची ती फक्त तुमची. रस्त्याची कधीच वाटली नाही.”

माझा पाय जमिनीवर ब्रेक शोधायला लागला. गाडीबाहेर असं फार कमी वेळा होतं.

शनिवारपर्यंत जुनी मतं बदलली, नवी आली. ‘सर बाजूला असूनही मजा आली. पाच.’ ‘गाडी उलटली तर आपोआप सरळ होते. सरांच्या गाडीत ही सोय नाही. पाच.’ ‘सरांचा एक तारा कापला. चार.’ दुकानानं खेळ पहिल्या पानावर ठेवला. अगदी खालच्या कोपऱ्यात, पण ठेवला. भिंगरीनं नोकरीवाल्यांना नकार कळवला. मी त्या दिवशी दोन घास जास्त जेवलो.

बऱ्याच जणांनी मागणी केली म्हणून तिनं खेळात एक बटण वाढवलं: बाजूचा माणूस चालू, बाजूचा माणूस बंद. मला वाईट वाटू नये म्हणून तिनं समजावलं, “लोक आधी बंद करतात. मग अवघड चढ आला की पुन्हा चालू करतात.” हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की ते मी शिकवणीला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

परवा दुपारी घरी आलो तर बायको खेळत होती. गाडी टेकडीवरून सुसाट निघाली होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मी बघतच राहिलो. बाजूचा म्हातारा मात्र काही बोलत नव्हता.

“अगं, आवाज बंद राहिलाय का?” मी विचारलं.

“आवाज चालू आहे,” ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “तुम्ही तेवढे बंद आहात.”