तीन टिंबांचे चमचे

"चमचा फक्त उलटा करून हातात द्या! त्याचं गाव, साल, खानदान, सगळं सांगतो!"

वारूळवाडीचे भरतभाऊ हे वाक्य कुणालाही, कुठंही ऐकवत. आता तुम्ही म्हणाल, ठिबकचे पाइप विकणाऱ्या माणसाचा आणि चांदीच्या जुन्या चमच्यांचा संबंध काय? काहीच नाही! पण एका पावसाळ्यात दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मोबाइलला रेंज होती, आणि एक गोरा म्हातारा व्हिडिओत चमच्याच्या पाठीवरचे शिक्के समजावून सांगत होता. भरतभाऊंनी तो व्हिडिओ पाहिला, मग त्याचा भाऊ पाहिला, मग सगळं खटलंच पाहिलं. झालं! महिन्याभरात त्यांनी नारायणगावच्या सोनाराकडून भिंग आणलं आणि ते शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी राहायला आलं.

त्या दिवसापासून पावण्यारावळ्यांत त्यांची दहशत बसली. कुणाच्या तेराव्याला गेले तरी ताटातला चमचा उलटा! "भाऊ, स्टीलचा हाय तो," यजमान काकुळतीला येऊन सांगायचे. "बघू द्या, बघू द्या," म्हणत भाऊ डोळ्याला भिंग लावायचे आणि भात गार व्हायचा.

आणि एके दिवशी त्यांच्याच घरात घबाड गावलं. दिवाळीच्या साफसफाईत, फडताळातल्या मोठ्या पातेल्यात, फडक्यात गुंडाळलेले सहा काळेकुट्ट चमचे! भाऊंनी दात घासायच्या पावडरीनं ते घासले, भिंग लावलं आणि अंगणातूनच ओरडले, "आरती! अगं सिंह! चालता सिंह!"

आरतीवहिनी हातातला झाडू घेऊनच धावल्या. "कुठाय? बिबट्या असंल, आत या आधी!"

"चमच्यावर, चमच्यावर! सिंह म्हणजे अस्सल विलायती चांदी. हा नांगर दिसतोय ना, जहाजाचा? म्हणजे बर्मिंगहॅमचं काम. हे अक्षर सालाचं. आणि दांडी बघ, सारंगीसारखी पसरट. फिडल पॅटर्न!"

"आणि ही टिंबं?"

इथं भाऊ थबकले. सिंहाच्या खाली तीन टिंबं होती आणि त्याखाली एक चंद्रकोर. असा शिक्का कुठल्याच व्हिडिओत नव्हता. त्यांनी फोटो काढून जुन्या चांदीच्या ग्रुपवर टाकला. तिथल्या एका जाणकारानं कळवलं, "बहुतेक राजघराण्याची खूण. दुर्मिळ." तेवढं 'बहुतेक' सोडून भाऊंनी बाकीचं सगळं पाठ केलं.

"आमच्या पणजोबांना कुठल्यातरी संस्थानिकानं दिलेले असणार," भाऊ म्हणाले.

आरतीवहिनी जरा विचारात पडल्या. "हे पातेलं माझ्या लग्नात मढवरनं आलं व्हतं. चमचे पण तिकडचेच नसतील ना?"

"तुझ्या माहेरचे?" भाऊ एवढे हसले की भिंग पडता पडता वाचलं. "अगं, मढवरनं आपल्याकडं तांदूळ येतो. विलायती चांदी न्हाई येत!"

हे वाक्य त्यांना पुढं फार महागात पडलं.

त्याच मढवरून थोरल्या लेकीला, हर्षालीला स्थळ आलं. मुलगा सार्थक, चाकणला कंपनीत. खरं सांगायचं तर दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. घरच्यांनी फक्त 'आम्हीच जमवलं' असं म्हणायचं बाकी होतं. मुलाचे वडील सावळेराम गरीब स्वभावाचे. पण शेवटचा शब्द आजीचा, झुंबरबाईंचा. ही म्हातारी बोलायला लागली की एसटीचा कंडक्टरसुद्धा घंटी मारायची विसरतो म्हणतात!

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच हर्षालीनं बापाला गाठलं. "पप्पा, माझ्या गळ्याची शपथ. आज चमच्याचा विषय नको. आजी बिथरली तर जमलेलं मोडेल."

"मी कशाला काढू? मला काय अक्कल नाय?"

ती खरोखर काकुळतीला आली होती. डोळे भरले होते बिचारीचे. भाऊंनी भिंग खिशातून काढून टीव्हीवर ठेवलं. शब्द म्हणजे शब्द! पण शेवयांची खीर राजघराण्याच्या चमच्यांतूनच द्यायची, एवढं मात्र त्यांनी हट्टानं ठरवलं. बोलायचं नाही, नुसतं दाखवायचं.

पाहुणे आले, पाणी झालं, पोह्यांची तारीफ झाली. खीर आली. सावळेरामांनी पहिला चमचा भरला आणि सहज म्हणाले, "चमचा लई जड लागतोय, राव."

संपलं! भाऊंचा बांध फुटला.

"जड असणारच पावणं! अस्सल हाय. उलटा करा, उलटा करून बघा!"

सावळेराम सज्जन माणूस. यजमान म्हणतो तर करावं, म्हणून त्यांनी चमचा तिथल्या तिथं उलटा केला. खिरीसकट! इस्त्रीच्या पांढऱ्या लेंग्यावर शेवया पसरल्या. "अगागागा!" करत ते उठले, तशी मांडीवरची वाटीपण गेली. आरतीवहिनी फडकं घेऊन धावल्या. हर्षालीनं आतून बापाकडं असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर तिथंच गप्प झाला असता.

पण भाऊ टीव्हीवरचं भिंग घेऊन आले होते. "हा सिंह. हा नांगर. आणि ही बघा, तीन तारे आणि चंद्रकोर! आमच्या घराण्याची राजखूण!"

झुंबरबाईंनी भिंग बाजूला सारलं. चमच्याच्या पाठीवरून नुसता अंगठा फिरवला. मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या.

"चंद्रकोर न्हाई ही," त्या म्हणाल्या. "इळा हाय, भात कापायचा. आन् ही टिंबं माझी तीन पोरं. मी स्वतः खिळ्यानं ठोकलीत."

भाऊंनी भिंग खाली घेतलं.

"माझा सासरा घाटातल्या बंगल्यावर सायबाचा सैपाक करायचा. सायेब इलायतेला गेला, तवा दिऊन गेला. कुणाच्या बी लग्नात आळीतल्या समद्यांची भांडी जायची. ती मिसळू नयेत म्हणून जो तो खूण घालायचा. हिच्या लग्नात," त्यांनी आरतीवहिनींकडं बोट केलं, "ह्या आरतीच्या लग्नात मी पातेलं दिलं, चमचे दिले. परत आलं न्हाई काई!"

भाऊंच्या घशात पणजोबा अडकले. "म्हंजे... पातेलंपण?"

"त्येच्या बुडाला बघ."

बघायची गरज नव्हती. दिवाळीत फडताळातून निघाल्यापासून रोज सकाळी भाऊंच्या अंघोळीचं पाणी त्याच पातेल्यात तापत होतं. आरतीवहिनी नवऱ्याकडं बघून गोड हसल्या. तांदळाचं वाक्य त्यांच्या पक्कं लक्षात होतं.

झुंबरबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी सहाही चमचे पुढ्यात ओढून मोजले. मग पुटपुटल्या, "मी बायडीवर आळ घेतला. माझ्या जावंवर. तिनं लेकीला दिलं म्हनले. एका आंगणात राहतो, पर तवापासनं शब्द न्हाई तिच्याशी." आणि अचानक गरजल्या, "सार्थक! लाव तिला फोन. तोंड दिसतंय तसला लाव!"

पडद्यावर बायडाबाईंचा रागीट चेहरा आला. झुंबरबाईंनी चमचा समोर धरला.

"उलटा कर," बायडाबाई म्हणाल्या. "खूण दाव."

खूण दिसली. मग बायडाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "गावले व्हय? मंग आता तरी चा प्यायला यी की भवाने!" लगेच आवाज चढला. "कुणी चोरले व्हते गं?"

सगळ्यांच्या माना भाऊंकडं वळल्या. भाऊंनी भिंग पाठीमागं लपवलं. दारामागं हर्षाली पदराचं टोक चावत उभी होती. आता म्हातारी एक शब्द बोलणार आणि पोरीचं लग्न राहणार की जाणार! झुंबरबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं.

"चोरले कुटं? माझ्या नातसुनेकडं व्हते. तिनंच जपून ठेवले."

हर्षाली बाहेर येऊन आजीच्या पायाच पडली. सार्थक लाजला. सावळेराम ओल्या लेंग्यानं टाळ्या वाजवायला लागले. जमलं! भाऊंनी सुटकेचा श्वास सोडला आणि राहिलेली खीर आपणच संपवली, साध्या स्टीलच्या चमच्यानं.

लग्नात भाऊंना झुंबरबाईंनी एकच काम दिलं. मांडवामागं बसायचं, भिंग लावायचं आणि ज्याचं भांडं त्याला खूण ओळखून परत द्यायचं. भाऊंनी ते असं चोख केलं की काय सांगू! "हा मोर लंकाबाईंचा, हा त्रिशूळ सुनीलच्या घरचा!" एक वाटीसुद्धा इकडची तिकडं झाली नाही. मढची माणसं तोंडभरून कौतुक करत होती, भाऊ फुलले होते.

घरी आल्यावर आरतीवहिनींनी विचारलं, "आपला नवा मोठा टोप कुठाय?"

भाऊंनी खिशातलं भिंग चाचपलं. गावभरच्या खुणा पाठ होत्या. पण स्वतःच्या टोपावर घालायची मात्र राहिली होती!