घरगाडी तपासणी उपसमिती

एडविन उजागरे नागापूर एमआयडीसीतल्या पंपांच्या कारखान्यातून गुणवत्ता निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. बत्तीस वर्षांत त्यांनी एकही सदोष पंप कारखान्याबाहेर जाऊ दिला नव्हता. चांगलेही फारसे जाऊ दिले नव्हते असं कामगार म्हणत, पण ते कागदावर कुठे आलेलं नव्हतं.

निवृत्तीनंतर आठ महिन्यांनी त्यांनी एक जुनी घरगाडी घ्यायचं ठरवलं. घरगाडी म्हणजे आत पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवलेली व्हॅन. कल्पना त्यांच्या पत्नीची, रोझीबाईंची. रोझीबाई नर्स होत्या. त्यांची पहिली नेमणूक अकोले तालुक्याच्या डोंगरात, भंडारदऱ्याच्या पाण्यापलीकडच्या एका गावात झाली होती. तिथल्या बनुबाई सुईणीनं त्यांना जे शिकवलं ते नर्सिंगच्या पुस्तकात नव्हतं. बनुबाई आता नव्वदीच्या पुढे गेली होती. गेल्या नाताळात ती फोनवर म्हणाली होती, "येनार आसशील तर ये, पोरी. म्या काय आता लई दिस थांबत न्हाई."

गावात उतरायची सोय नव्हती आणि रोझीबाईंना तिथं आठवडाभर राहायचं होतं. म्हणून गाडी.

"अहो, भंडारदऱ्यापर्यंत जाईल अशी कुठलीही घ्या," रोझीबाई म्हणाल्या.

"'कुठलीही' हा निकष होत नाही," असं म्हणून उजागरे निकष लिहायला बसले.

निकष चौऱ्याहत्तर झाले. पहिले एक्केचाळीस इंजिनाचे, पुढचे एकोणतीस क्लचपासून चाकापर्यंतच्या यंत्रणेचे, मग ब्रेक, दिवे आणि पत्रा. चौऱ्याहत्तरावा मुद्दा होता: 'गाडी प्रत्यक्ष चालवून पाहणे (आधीचे सर्व मुद्दे समाधानकारक आढळल्यासच).'

पहिली गाडी पाथर्डीच्या कानिफनाथची. हा माणूस बायकोसह पंधरा वर्षं त्याच गाडीत राहून जत्रांमधून भांडी विकत हिंडला होता. आता गावात दुकान टाकल्यामुळे गाडी विकत होता. उजागऱ्यांनी फॉर्म काढला.

"टायमिंग बेल्ट कधी बदलला?"

"बेल्ट न्हाई, चैन हाय."

"मग चेन कधी बदलली?"

"तुटली न्हाई अजून."

"एकूण किलोमीटर किती?"

"मीटर बंद पडून सा वर्सं झाली. गाडी चालू हाय."

"ज्ञात दोष?"

कानिफनाथनं प्रामाणिकपणे विचार केला. "हॉर्न वाजिवला की वायपर हालतो."

उजागऱ्यांनी 'माहिती असमाधानकारक' असा शेरा मारला आणि गाडीभोवती एकही फेरी न मारता ते परतले.

दुसरी गाडी सावेडीतल्या पार्थची. पार्थ पुण्यात संगणकावर काम करायचा. डोंगरात बसून नोकरी करता येते असं कुणीतरी सांगितल्यामुळे त्यानं ही गाडी बांधून घेतली, आणि डोंगरात रेंज येत नाही हे कळल्यामुळे ती विकायला काढली. प्रत्येक वेळी तेल बदलल्याचे फोटो त्यानं तारखेनिशी जपले होते. उजागऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं.

फक्त एका मुद्द्यावर पेन अडलं. या गाडीचं इंजिन पुढची चाकं फिरवत होतं. पुढच्या चाकांची ओढ चांगली की मागच्या चाकांचा रेटा, हे कारखान्यात कधी ठरलं नव्हतं, कारण पंपाला चाकं नसतात. उजागऱ्यांनी हा प्रश्न निवृत्त सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

संध्याकाळपर्यंत दोनशे अकरा उत्तरं आली. शमुवेल पाटोळे यांचं म्हणणं, घाट चढताना वजन मागं येतं, तेव्हा रेटा मागूनच हवा. अमृत साळवे यांचं म्हणणं, निसरड्या रस्त्यावर पुढची ओढच गाडी सरळ ठेवते. दोघांकडेही गाडी नव्हती, त्यामुळे मतं शुद्ध राहिली होती. रविवारी उपासनेला पाटोळे यांचे लोक डाव्या बाकांवर आणि साळवे यांचे उजव्या बाकांवर बसले. पाळकांनी शेवटी चारही चाकांसाठी प्रार्थना केली. ती दोन्ही बाजूंना गुळमुळीत वाटली.

तेव्हा घरगाडी तपासणी उपसमिती नेमण्यात आली. अध्यक्ष उजागरे, सदस्य पाटोळे आणि साळवे. पहिल्याच बैठकीत असं ठरलं की बाहेरून पाहून इंजिनावर विश्वास ठेवणं ही अंधश्रद्धा आहे. इंजिन खोलून पाहावं.

"पण ते व्यवस्थित चालतंय," पार्थ म्हणाला.

"लपवायचं काही नसेल तर खोलायला हरकत काय?" साळवे म्हणाले. पार्थला पुढच्या महिन्यात परदेशी जायचं होतं. त्यानं किल्ली काढून दिली.

नागापूरच्या सुनीलच्या गॅरेजात इंजिन उतरवलं गेलं. सुनील म्हणाला, "साहेब, चालू इंजिनाला हात लावू नये, आसं आमच्यात म्हनत्यात." उपसमितीनं हे मत अशास्त्रीय म्हणून नोंदवून घेतलं. सतरा दिवस भाग मोजले गेले, मापले गेले, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली गेली. एकही भाग नापास झाला नाही. उजागऱ्यांच्या कारकिर्दीत असं कधी घडलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी सगळं पुन्हा एकदा मापलं.

मग इंजिन जोडलं. सुनीलनं सेल्फ मारला. मोटर घरघरली आणि थांबली. ताडपत्रीवर दोन बोल्ट उरले होते.

उपसमितीचा अहवाल त्याच दिवशी तयार झाला. 'इंजिनाचे तीनशे अठ्ठावीस भाग तपासले. सर्व विश्वासार्ह आढळले. जोडणीनंतर दोन बोल्ट शिल्लक राहिले. तेही विश्वासार्ह आढळले. इंजिन सुरू होत नाही, ही बाब तपासणीच्या कक्षेत येत नाही.'

रोझीबाईंनी अहवाल दोनदा वाचला. त्याच दुपारी बनुबाईच्या नातवाचा फोन येऊन गेला होता. आजीनं अंथरूण धरलं होतं आणि ती 'नर्सबाई निघाली का' असं विचारत होती.

"म्हणजे ही गाडी घ्यायची?" त्यांनी विचारलं.

"नाही कशी म्हणणार? चौऱ्याहत्तरपैकी त्र्याहत्तर मुद्दे. फक्त चालवून पाहणं प्रलंबित आहे."

"बनुबाईसुद्धा प्रलंबित आहे," रोझीबाई म्हणाल्या आणि आत जाऊन पिशवी भरू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या पाथर्डीला गेल्या. नोकरीत असताना त्यांनी बारा वर्षं लसींचे डबे घेऊन दवाखान्याची जीप हाकली होती, आणि त्या जीपला दरवाजेही नव्हते. त्यांनी कानिफनाथला एकच प्रश्न विचारला.

"चालते का?"

"चालती."

"मग द्या."

कानिफनाथ चाचरला. "आन् सायबांचं ते चौऱ्याहत्तर?"

"ते साहेबांपाशीच राहू देत."

दुपारी दारात गाडी थांबली. उजागरे बाहेर आले, त्यांनी गाडी ओळखली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मी निघते," रोझीबाई म्हणाल्या. "येता का?"

"अगं, ओढ पुढची आहे की मागची, ते तरी बघू दे." उजागरे टॉर्च घेऊन गाडीखाली वाकले.

रोझीबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा." त्यांनी वळणावर हॉर्न वाजवला, कोरड्या काचेवर वायपर हलला, आणि गाडी संगमनेरच्या दिशेनं गेली. उजागरे बराच वेळ तसेच वाकून उभे होते.

तिसऱ्या दिवशी फोनवर फोटो आला. गाडीच्या पायरीवर घोंगडी पांघरून बनुबाई बसलेली, हातात चहाचा पेला, शेजारी रोझीबाई खळखळून हसताहेत, मागे धरणाचं पाणी. उजागऱ्यांनी लिहिलं, 'पुढची ओढ की मागची?' उत्तर आलं, 'बघितलं नाही. घाट चढली.'

त्यांनी फोटो मोठा केला. आधी गाडीखालचा तेलाचा डाग मोठा करून पाहिला. मग रोझीबाईंचा चेहरा. डागावर त्यांनी दोन ओळी लिहून ठेवल्या. चेहऱ्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता. ते तसेच बघत बसले.

नऊ दिवसांनी रोझीबाई परतल्या. चर्चच्या आवारात त्या सांगत होत्या की बनुबाई उठून बसली, नागलीची भाकरी खाल्ली, आणि हातात हात घेऊन म्हणाली, "लई उशीर केलास, पोरी. पर आलीस." ऐकणाऱ्या दोघीतिघींनी डोळे पुसले. पाटोळे गंभीरपणे पुढे आले.

"ॲव्हरेज किती दिलं?"

उपसमितीनं स्वतःहून या गाडीची तपासणी केली. एकोणचाळीस दोष निघाले. 'ही गाडी भंडारदऱ्यापर्यंत जाऊ शकत नाही' असा ठराव झाला. पुढची ओढ आणि मागचा रेटा या दोन्ही पक्षांचं एकमत होण्याचा हा पहिलाच प्रसंग.

"मी जाऊन आलेय," रोझीबाई म्हणाल्या.

"तो अपवाद," साळवे म्हणाले.

ठरावावर अध्यक्षांची सही तेवढी बाकी होती. रोझीबाई गाडीत तांदळाची पिशवी आणि बनुबाईची औषधं ठेवत होत्या. "तिनं तुम्हाला बोलावलंय," त्या मागं न वळता म्हणाल्या. "म्हणाली, नवऱ्याला घिऊन ये, मानूस हाय का यंत्र ते बगू दे."

उजागऱ्यांनी ठराव पाहिला. गाडी पाहिली. मग पेनाला टोपण लावून ते पुढच्या सीटवर जाऊन बसले, दोन्ही हातांनी दाराची कडी धरली आणि संगमनेर येईपर्यंत डोळे मिटून राहिले. अकोल्याच्या पुढं चढ लागला, तेव्हा त्यांनी ते उघडले. बाहेर भातखाचरं होती. ती मापण्याचं काही साधन त्यांनी बरोबर घेतलेलं नव्हतं.

याला आता दोन महिने झाले. उपसमिती दर शनिवारी नियमित भरते, पार्थची गाडी गॅरेजात सर्वार्थानं विश्वासार्ह अवस्थेत उभी आहे, आणि अध्यक्ष अनुपस्थित असल्याची नोंद दर वेळी होते. बनुबाईचं पुढं काय झालं हे अद्याप कुणी विचारलेलं नाही. मात्र कानिफनाथची ती गाडी कोणत्या कंपनीची, इंजिन किती सीसीचं आणि ओढ शेवटी पुढची निघाली की मागची, हे गोष्टीत कुठेच आलं नाही म्हणून एव्हाना जे वाचक अस्वस्थ झाले असतील, त्यांनी कळवावं. अध्यक्षपद रिकामं आहे. अनुभवाची अट नाही.