काखेतली रिंग

"गरम माप खोटं बोलतं!" हे वाक्य द्रापाल मास्तर तीन वर्षं रोज ओरडत आले होते, आणि नेमकं लेथकामाच्या परीक्षेच्या सकाळी यित्का तेच विसरली. लेथवरून उतरलेली, हाताला गरम लागणारी ॲल्युमिनियमची रिंग तिनं तशीच मायक्रोमीटरमध्ये धरली. बरोब्बर साठ मिलिमीटर! खुशीत तिनं एक अख्खा रोहलिक पाव पोटात ढकलला आणि परत मापून बघते तो काय, गार झालेली रिंग वीस मायक्रॉननं आखडलेली. म्हणजे केसाच्या पाव जाडीइतकी. पण चालणार होता फक्त दहाचा फरक.

जास्त राहिलं असतं तर कापता आलं असतं, कमी झालेलं आणायचं कुठून? नापास झालं की पुन्हा परीक्षा सप्टेंबरात. बेअरिंगच्या कारखान्यातली जागा तोवर तिच्यासाठी कोण राखून ठेवतंय!

"ओता, मेले रे मी," ती शेजारच्या लेथवरच्या दोस्ताला म्हणाली.

"काखेत धर," ओता कुजबुजला. "मास्तरच सांगायचे ना, त्यांच्या वेळी एक पोरगं ऊब देऊन रिंग मापाला आणायचं?"

"आणि पुढं काय म्हणायचे? असं करताना कुणी सापडलं तर कान उपटीन!"

"कानांचं नंतर बघू. आधी रिंगचं बघ."

यित्कानं रिंग डगल्याआत, उजव्या काखेत दाबून धरली. अंगाची ऊब वीस मायक्रॉनला पुरते, एवढा हिशेब तिला येत होता. साहेब कधी येतात एवढाच प्रश्न होता.

बाहेरून आलेले परीक्षक कुचेरासाहेब अर्धा तास उशिरा उगवले. आधी मास्तरांची नमुन्याची रिंग मापायची, मग पोरांच्या, असा शिरस्ता. मास्तरांनी डाव्या हातानं कॉफी ओतली. अर्धी बशीत, अर्धी साहेबांच्या बुटावर.

"द्रापाल, तुम्ही का थरथरताय? परीक्षा पोरांची आहे."

"हो, हो. पोरांचीच," मास्तर ताठ उभे राहून म्हणाले.

साहेब एकेका पोराशी हात मिळवत यित्कापाशी आले. तिनं डावा पुढं केला.

"अगं, उजवा दे की!"

"मुरगळलाय, साहेब."

"मुरगळलेल्या हातानं लेथ चालवलास? बघू, वर कर."

यित्कानं बोटभर उचलला.

"वर म्हणजे वर!"

टण्ण! रिंग डगल्यातून निसटली आणि फरशीवरून थेट मास्तरांकडे पळत सुटली. तयार झालेल्या कामावर ओरखडा उठू द्यायचा नाही, ही मास्तरांची तीस वर्षांची सवय. ते दोन्ही हात पसरून झेपावले आणि पुन्हा टण्ण! त्यांच्याही डगल्यातून एक रिंग पडली आणि पहिलीच्या मागं धावली.

दोन्ही रिंगा साहेबांच्या ओल्या बुटापाशी थांबल्या. हसायची कुणाची छाती झाली नाही. साहेबांनी त्या उचलल्या, दगडी पाटावर गार व्हायला ठेवल्या, उरलेली कॉफी सावकाश संपवली आणि मग मापल्या.

"दोन्ही वीस मायक्रॉननं कमी. द्रापाल, पोरगी अगदी तुमच्या वळणावर गेलीय हो."

यित्काला रडू फुटायचंच बाकी होतं. मास्तरांचे कान लालभडक झाले.

"साहेब, मला काय बोलायचं ते बोला. पण पोरीला नापास करू नका."

"करायचं तर दोघांनाही करावं लागेल. मग बाकीच्यांना शिकवणार कोण?" साहेबांनी घड्याळ पाहिलं. "जेवणाला तास आहे. दोघांनी नवीन रिंग कापा. शेजारी-शेजारी."

दोन्ही लेथ घरघरू लागले. मास्तरांची रिंग आधी उतरली. बोटांना चटके बसत असतानाच त्यांनी घाईनं मायक्रोमीटर उचलला, तेवढ्यात शेजारून बारीक आवाज आला.

"मास्तर, गार होऊ द्या."

मास्तरांनी मुकाट्यानं मायक्रोमीटर खाली ठेवला. दोघंही हाताची घडी घालून रिंगांकडे बघत बसले.

यित्काची बरोब्बर साठ भरली. मास्तरांची पाच मायक्रॉन जास्त. त्यांचा उतरलेला चेहरा तिला बघवेना.

"असू दे हो, मास्तर," ती धीर देत म्हणाली, "दहापर्यंत चालतं."