सोनकोलच्या तळ्यावर तंबू उभा राहिला, त्या मोहिमेची हकीकत

कोचकोर कसब्यातील सकल वडीलधारे, सोयरे, शेजारी आणि दुसऱ्याची फजिती ऐकण्यास सदा तत्पर असे इतर थोर जन यांसी विदित व्हावे की, तुर्दुमामत बहाद्दर, दाढी पांढरी म्हणोन अक्साकाल हा किताब मिरविणारे, यांनी सुट्टीच्या मुक्कामासाठी तंबू खरेदी करून सोनकोलच्या तळ्यावर उभा केला, तो मजकूर लिहावा ऐसी खुद्द बहाद्दरांची आज्ञा जाहली. त्यांची आज्ञा की विजय लिहावा. त्यांच्या कुटुंबाची, उलकान साहेबांची, आज्ञा की जाहले तैसे लिहावे. दोन्ही आज्ञा मान्य करून लिहिले आहे, आणि जेथे दोहोंचा मेळ बसेना तेथे उलकान साहेबांचे ऐकिले, कारण जेवण त्यांच्या हातचे आहे.

मोहिमेचे मूळ ऐसे. गेल्या उन्हाळियात बहाद्दरांनी जुन्या ट्रकची ताडपत्री चार काठ्यांवर ताणून तीस तंबू ऐसे नाव दिले होते, आणि दुपारच्या सरीत ती ताडपत्री शोरब्याच्या पातेल्यासह खाली आली, आणि नात सेझिम, वय वर्षे सहा, चिंब होऊन ताप घेऊन बिश्केकास परतली. मग सूनबाईंनी फोनवरून फर्मान धाडिले की, पोर यंदा एकदा जरी ओली परत आली तर सुट्टीचे सर्व शनिवार तिने तोकमोकच्या आजोबांकडे काढावेत. तोकमोकचे आजोबा म्हणजे सूनबाईंचे तीर्थरूप, व्याही कास्माली, सिमेंटच्या घराचे धनी, ज्यांच्या अंगणात पोरांना डुंबण्यास रबरी हौद होता. त्या हौदाचे नाव निघताच बहाद्दर पुढ्यातले ताट बाजूस सारीत. सेझिम म्हणजे त्यांचा जीव की प्राण, आणि तिच्यावाचून शनिवार म्हणजे नुसता एक वार.

कोणी पुसेल की ज्यांच्या कुळात पिढ्यान् पिढ्या नमद्याचे, म्हणजे थापीव लोकरीच्या जाड कापडाचे, गोल डेरे उभारिले त्यांस बाजारचा तंबू कशास हवा. ऐसियास वडिलार्जित डेरा धाकट्या भावाकडे गेला, तो लादावयास ट्रक लागे, आणि बहाद्दरांपाशी एक खोकणारी झिगुली गाडी. मात्र डेरे उभारण्याच्या इल्मात आपली तोड नाही ऐसा त्यांचा पक्का समज. डेरा उभारण्याचा रिवाज ऐसा की पुरुषाने मध्यभागी उभे राहून माथ्याचे लाकडी कडे, ज्यास तुंदुक म्हणतात, ते काठीवर उंच धरावे, आणि बायकांनी भोवतालच्या जाळ्या, वासे, नमदे आणि दोर हे किरकोळ काम उरकावे. बहाद्दरांनी उभा जन्म कडे धरिले आणि फार उत्तम धरिले.

मग मसलत होऊन खासा स्वारी बिश्केकच्या दोर्दोय बाजारावर चालून गेली. उलकान साहेबही स्वारीत होत्या. तेथे लोखंडी कंटेनरांच्या गल्ल्यांतून मोर्चे लावीत बहाद्दर मीरगुल नामे दुकानदारीणबाईंच्या ठाण्यावर पोहोचले आणि तंबूंची झडती आरंभिली. पाऊस कितपत सोसतो हे पाहण्यासाठी हातातील वाटीचा चहा एका तंबूवर ओतिला.

“अक्साकाल, तंबू आहे तो, पाहुणा नाही. चहा कशाला पाजताय?” मीरगुल म्हणाली.

“धूर कुठून जातो याचा?”

“आत चूल पेटवायचीच नसते.”

“मग आत माणसं करतात काय?”

“झोपतात.”

“आणि उठल्यावर?”

“बाहेर येतात.”

हे ऐकोन ऐशा घरांत दिवस कंठणाऱ्या मुलुखांविषयी बहाद्दरांस दया आली. तदनंतर हवेत भिरकावताच आपोआप उघडणारा एक तंबू त्यांनी अजमावण्यास घेतला. तो उघडला खरा, परंतु समोरच्या टोपीवाल्याची पांढऱ्या टोप्यांची रास उधळीत उघडला, आणि मग मिटेना. त्यास मिटविण्यात तीन गाळ्यांची कुमक खर्ची पडली.

या धामधुमीत उलकान साहेब स्टुलावर बसून एक हिरवा तंबू उलटा करून शिवणीवरून नख फिरवीत होत्या. “हा घे,” त्या म्हणाल्या, “शिवण आतून पट्टी लावून बुजवलीय. कापडही दमदार आहे.” बहाद्दरांनी तंबूत डोके घालोन वर पाहिले, तो माथ्यावर बारीक जाळी, आणि जाळीतून आभाळ. यास तुंदुक आहे ऐसे बोलून त्यांनी तोच तंबू पसंत केला, आणि ही निवड सर्वस्वी आपली ऐसे जाहीर केले. मीरगुलबाईंनी अर्ज केला की दोन काठ्या कमानीसारख्या वाकवून कोपऱ्यांत बसवाव्या, वरून पावसाची ही झूल घालावी, आणि झूल कदापि काढू नये. बहाद्दरांनी मान डोलाविली. ऐशा सूचना शहरच्या लोकांकरिता असतात हे त्यांस ठाऊक होते.

पुढे शनिवारी फौज कूच करून घाट चढून सोनकोलच्या कुरणात उतरली. फौजेत बहाद्दर, उलकान साहेब, सेझिम आणि सूनबाईंच्या वतीने डोळ्यांत तेल घालून पाहण्यास आलेले व्याही कास्माली. व्याह्यांनी घडीची खुर्ची मांडिली, मांडीवर सुके जर्दाळू घेतले, आणि लढाई पाहण्यास सज्ज जाहले.

“घाई नको, व्याही,” ते म्हणाले, “माझं घर काही पळून जात नाही. त्याला पायाच आहे.”

 बहाद्दर कापडाच्या मधोमध उभे राहिले, एक काठी दोन्ही हातांनी आभाळाकडे धरिली, आणि बाकीच्यांनी भोवताली येऊन कामास लागावे ऐसा हुकूम सोडिला. कोणी हलेना. वाऱ्याने कापड त्यांच्या डोक्यावरून गुंडाळले आणि आतून हुकूम येत राहिले.

“आजोबा, तुम्ही हरवलात का?” सेझिमने विचारले.

मग उलकान साहेबांनी काठ्या वाकवून खाचांत बसविल्या आणि तंबू आपल्या पायांवर उभा राहिला. त्यांनी झूल घालण्यास हात घातला, तो बहाद्दरांनी मनाई केली. भर दिवसा तुंदुक झाकणे हे आळशाच्या घरचे लक्षण, व्याह्यांसमोर ते होणे नाही. झूल तंबूमागे गुंडाळून ठेवावी, तिच्या टोकास दोर बांधावा, आणि पाऊस दिसताच दोर ओढून माथा झाकावा, जैसा नमद्याच्या डेऱ्याचा झाकतात, ऐसी तजवीज फर्माविली.

“म्हाताऱ्या, तो नमदा जड असतो, वर टाकला की बसतो,” उलकान म्हणाल्या. “हे पतंगाचं कापड आहे.”

“जन्मभर डेरे उभारले मी.”

उलकान साहेब चहा करण्यास गेल्या.

जेवणे होऊन सेझिम तंबूत जाऊन निजली, आणि तिसऱ्या प्रहरी डोंगरावरून काळा ढग घोडदळासारखा उतरला. बहाद्दरांनी दोर ओढिला. झूल उठली, फुगली, माथ्यावरून सरळ पुढे गेली, दोर हातातून निसटला, आणि झूल व्याह्यांस खुर्ची आणि जर्दाळूंसकट पांघरून बसली. गारा सुरू जाहल्या. जाळीवर पहिली गार आपटली तेव्हा बहाद्दरांच्या काळजात सर्व शनिवार एकदम निखळले. त्यांनी अंगातला झगा काढून जाळीवर पसरिला आणि दोन्ही हातांनी दाबून धरिला. तंबू त्या भाराने वाकू लागला.

“सोड ते, चिरडशील पोरीला!” उलकान ओरडल्या. त्यांनी व्याह्यांवरून झूल सोडविली, कमरेचा विणलेला पट्टा काढून झुलीच्या दोरास जोडिला. “आत जा. नेहमीचं काम कर. माथा वर धर.”

बहाद्दर आत शिरले, निजलेल्या नातीच्या दोहों बाजूंस पाय रोवून वाकून उभे राहिले, आणि दोन्ही तळव्यांनी माथा उचलून धरिला. पाणी जाळीतून त्यांच्या डोक्यावर, दाढीत आणि सदऱ्यात गळत राहिले, पोरीवर त्यांची पाठ होती. मग वर हिरवा अंधार पसरला. झूल बसली. कापडाच्या पलीकडून उलकानच्या हाताचा ठसा वाऱ्याच्या बाजूने उमटला, दोर आवळला, पुढे सरकला, दगड सरकविल्याचा आवाज झाला, पुन्हा हात पुढे गेला, ऐसा सबंध फेरा. बहाद्दर जन्मभर कडे धरून आभाळाकडे पाहत आले होते. भोवताली घर कसे उभे राहते हे त्यांनी आज प्रथम पाहिले, आणि तेही आभाळ झाकले गेले म्हणोन.

“झालं?” बाहेरून आवाज आला.

“तू सांग,” ते म्हणाले.

गारा थांबल्यावर व्याही कास्माली केसांतला जर्दाळू काढीत आत आले. त्यांनी जाग्या झालेल्या सेझिमचे मोजे चाचपले, केस चाचपले, गोधडी उलटून पाहिली, आणि मग नखशिखांत गळणाऱ्या बहाद्दरांकडे पाहिले.

“पोर कोरडी आहे,” ते म्हणाले. “आजोबा ओले आल्यास काय करायचं, ते मुलीने सांगितलं नव्हतं.”

“मला पुढच्या शनिवारी पण इथेच यायचंय,” सेझिम म्हणाली. व्याही तसे मुलीला कळवितो म्हणाले, आणि आपल्यालाही कोणी बोलावील का ऐसे हळूच पुसते जाहले.

येणेप्रमाणे सोनकोलची मोहीम फत्ते जाहली, नात कोरडी राहिली, शनिवार हातचे गेले नाहीत. शेवटी फत्तेचे मानकरी लिहिताना बहाद्दरांनी बराच वेळ दाढी कुरवाळली आणि आपण होऊन मजकूर सांगितला, तो अक्षरशः ऐसा: तुर्दुमामत याने माथा धरिला. घर उलकानने उभारिले. याआधीचीही सर्व तिनेच.