वीस न लिहिणाऱ्या नंदाताई

नंदाताईंसमोर निवांत चहा पिण्याची सोय नाही. आपण कप तोंडाला लावतो आणि त्या आपल्या पोटाकडे टक लावून बसतात, एक डोळा घड्याळावर. काही विचारलं की, "बोलू नको, मोजून राह्यली मी." मिनिटभराने निकाल लागतो, "अठरा. पी आता." कारंज्याच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाचेही श्वास मोजले होते. "चोवीस. घाबरून राह्यला बिचारा!"

आम्ही दोघी जनरल वॉर्डातल्या नर्स. तिथे प्रत्येक पेशंटचा एक कागद असतो. श्वास, नाडी, बीपी, ताप जितके बिघडलेले, तितके मार्क जास्त द्यायचे. शून्य मिळवणारा सगळ्यात हुशार. बेरीज पाच झाली की डॉक्टरांना बोलवायचं. बाकीचं यंत्र सांगतं, पण श्वास मिनिटभर उभं राहून मोजावे लागतात. एवढा वेळ कुणाला? म्हणून ताई सोडून आम्ही सगळ्या सरसकट वीस लिहायचो. विसाला शून्य मार्क, कटकट नाही.

"साऱ्या वॉर्डाले एकच फुफ्फुस आहे काय वं?" ताई कडाडायच्या.

जेवणाच्या सुट्टीत मात्र त्या कोपऱ्यात फोन घेऊन बसत. मालिका बघतात म्हणून आम्ही चिडवायचो.

परवा अल्लीपूरचे एक आजोबा पायाच्या गळवासाठी भरती होते. गप्पा मारत होते, घरी सोडा म्हणत होते. मी वीस लिहिलं. ताईंनी मोजले, अठ्ठावीस. त्याचे तीन मार्क, नाडीचे दोन आधीच होते. डॉक्टर धावत आले, आजोबांना आयसीयूत हलवलं. वाचले.

सुट्टीत मी रडतच ताईंची माफी मागायला गेले. त्या रागावल्या नाहीत.

"मीबी लिहिलं होतं वीस," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यायच्याच कागदावर. हसून बोलून राह्यले होते. म्हटलं, घरचाच माणूस, काय मोजाचं? सांजच्याले गेले."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. नाचणगावच्या घरी, दुपारी बाजेवर पडून त्यांचे यजमान घोरत होते. लेकीनं गंमत म्हणून काढलेला व्हिडिओ. पाठीमागून तिचं हसू ऐकू येत होतं.

ताईंनी घड्याळ समोर धरलं आणि ओठ हलवत पूर्ण मिनिट मोजलं.

"पंधरा," त्या म्हणाल्या. "शून्य मार्क. बरे आहेत."

आणि व्हिडिओ पुन्हा सुरू केला.