उजव्या बाजूचं प्रवचन

मठाच्या सभामंडपात मधोमध चादरींची भिंत टांगून रुद्रप्पा शिडीवरून खाली उतरला, तेव्हा मठाचे अध्यक्ष सिद्रामप्पा खालीच उभे होते.

"हे काय वाळत घातलंय?" त्यांनी विचारलं.

"वाळत न्हाय घातलं, आप्पा. आवाज अडवायला हाय."

"चादरीनं थंडी अडती. आवाज अडलेला आमी बघितला न्हाय."

"दुहेरी लावल्यात. मिलच्या हायत," रुद्रप्पा म्हणाला. मिलच्या चादरीबद्दल सोलापुरात कुणी वाद घालत नाही, म्हणून सिद्रामप्पांनीही घातला नाही.

ही अठ्ठ्याहत्तर सालच्या श्रावणातली हकिगत. रुद्रप्पा मिलमध्ये वायरमन होता, पण त्याचा सगळा जीव मठाच्या लाउडस्पीकरमध्ये. मठाचा मंडप एक आणि त्याची कामं छप्पन्न. सकाळी पूजा, दुपारी बायकांचा शिवणवर्ग, लग्नसराईत लग्नं आणि श्रावणात महिनाभर प्रवचन. प्रत्येक कामाला आवाज वेगळा लागतो, असं रुद्रप्पाचं ठाम मत होतं. लग्नातला आवाज रस्त्यापर्यंत गेला पाहिजे, शिवणवर्गातला शिलाईयंत्रांच्या वर निघाला पाहिजे आणि प्रवचनातला शेवटच्या रांगेतल्या म्हातारीच्या कानापर्यंत जाऊन तिथेच थांबला पाहिजे. वीस वर्षं डोकं खाजवून त्याने लाकडी फळीवर तीन बटणं बसवली होती. डावी, उजवी आणि दोन्ही. बटण दाबलं की मंडप पाहिजे तसा बदलायचा.

यंदा मात्र नवीच अडचण होती. विजापूरकडचे स्वामीजी प्रवचन करणार कानडीत. जुन्या मंडळींना कानडी कळायचं. पण त्यांची सुना-नातवंडं शाळा शिकलेली मराठीत, आणि मोडनिंब-माढ्याकडून नोकरीला आलेल्यांना तर कानडीचा गंधही नव्हता. गेल्या श्रावणात निम्मा मंडप बसल्या जागी डुलक्या घेत होता. म्हणून रुद्रप्पाने चादरी टांगल्या. डावीकडच्या लाउडस्पीकरच्या पेट्यांतून स्वामीजींचं कानडी. मागच्या फुलांच्या खोलीत दुसरा माईक, तिथे एक माणूस बसून ऐकणार आणि मराठीत सांगणार; ते मराठी फक्त उजवीकडच्या पेट्यांतून. इकडचं तिकडे जायचं नाही. स्वामीजींना मराठीचा त्रास नको म्हणून उजव्या पेट्या त्याने पार मागच्या भिंतीला लावल्या.

"प्रवचन एक, मंडप एक, आणि तुमी मधे भिंत घातली," सिद्रामप्पा म्हणाले. "सोमवारी मंडप भरतो. त्या दिवशी काय गडबड झाली, तर मशीनच्या खोलीची किल्ली माझ्याकडं द्यायची. मंडपवाला सगळं बघंल."

रुद्रप्पाला हे फार लागलं. ती किल्ली तो करगोट्याला बांधून झोपायचा. ती गेली तर संध्याकाळी सहानंतर जायचं कुठे, हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं.

मराठी सांगायला गुरुलिंग मास्तर होते. मास्तरांची मराठी शुद्ध. इतकी शुद्ध, की स्वामीजींनी कानडीत साधं 'रागावू नका' म्हटलं, तरी मास्तर 'क्रोधादी षड्रिपूंचे दमन करणे हेच श्रेयस्कर' असं म्हणायचे. दोन दिवसांत उजवी बाजू गेल्या वर्षीपेक्षा गाढ झोपू लागली. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मास्तर आले ते गळ्याला मफलर गुंडाळून. आवाज बसला होता. त्यांनी बोटाने गळा दाखवला, हात जोडले आणि ते घरी गेले.

सहाला पाच मिनिटं कमी. फुलांच्या खोलीत रुद्रप्पाची बायको महादेवी रोजच्यासारखी हार ओवत बसली होती. रुद्रप्पाने माईक तिच्यासमोर सरकवला.

"तू बोल."

"मी? मला काय येतंय?"

"दोन्ही येतंय की. घरात कानडीत भांडतीस आणि मराठीत समजावतीस."

"अवो, पण सांगू काय?"

"स्वामीजी सांगतील तेच. जरा कळंल असं सांग. उदाहरणं दे."

उदाहरणांची सूचना रुद्रप्पाने स्वतःच केली, हे इथे नोंदवून ठेवलेलं बरं. पुढे तो नाकबूल करू लागला होता.

त्या दिवशी स्वामीजींचा विषय होता मोह. ते दोन वाक्यं बोलून थांबले आणि उजवीकडच्या पेट्यांतून महादेवीचा आवाज आला.

"स्वामीजी म्हणत्यात, मोह लई वाईट. आता मोह म्हंजे काय? आमच्या घरचं माणूस घ्या. रस्त्यात वायरीचा तुकडा दिसला की उचलून खिशात. परवा धुण्यात पाच तुकडे निघाले आणि एक होल्डर. आणि आमच्या सैपाकघरात महिना झाला, चिमणीच्या उजेडात भाकरी थापतीय मी."

उजवी बाजू जागी झाली. मग हसली. मग पुढे सरकून बसली.

रुद्रप्पा डावीकडे, स्वामीजींच्या माईकजवळच, खोलीतून बाहेर आणलेल्या मशीनपाशी बसला होता. त्याने चादरी दुहेरी लावल्या होत्या, त्यामुळे त्याला पलीकडचा शब्दही ऐकू आला नाही; नुसता हसण्याचा गलबला कानावर आला. पेटी शिट्टी मारत असेल म्हणून लोक हसताहेत, अशी त्याची समजूत झाली आणि त्याने उजवा आवाज थोडा कमी केला. पलीकडून ताबडतोब ओरड झाली. त्याने पुन्हा वाढवला.

प्रवचन संपल्यावर केराबाई नावाची म्हातारी मुद्दाम त्याच्याजवळ आली. "बाबा," ती म्हणाली, "आधी मोरीचा नळ बघ. लई दिवस गळतोय म्हनं."

रुद्रप्पाने पाना आणला आणि मठाच्या मोरीचा नळ खोलून पुन्हा बसवला. तो गळत नव्हता. म्हाताऱ्या माणसाला उगाच दुखवायचं कशाला, म्हणून त्याने वायसर मात्र नवा टाकला.

घरी त्याने बायकोला विचारलं, "जमतंय का?"

"जमतंय की. लोकं ऐकत्यात."

"उदाहरणं देतीस?"

"देते. आपल्या घरात काय कमी हायत?"

रुद्रप्पाला समाधान वाटलं.

शनिवारी उजवी बाजू भरली. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा उरली नाही. ज्यांना पोटभर कानडी येत होतं, तेही हळूच चादरीखालून पलीकडे सरकू लागले. रविवारी विषय होता कायक, म्हणजे हातचं काम हीच पूजा. महादेवी म्हणाली, "काम म्हंजे पूजा. बरोबर हाय. पण ही पूजा घरात करायची का नुसती मठात, ते बापय मानसांनी आपापल्या बायकोला विचारावं." यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या. तोवर तिकडे स्वामीजी मरणापर्यंत पोचले होते. त्यांनी टाळ्यांच्या दिशेने शांतपणे पाहिलं आणि ते पुढे बोलू लागले. त्यांना मराठी चांगलं कळायचं, पण मागच्या भिंतीवरच्या पेट्यांतलं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

डावीकडे आता सिद्रामप्पा आणि सहा म्हातारे उरले होते. त्यातले दोघे बहिरे होते.

"तुमच्या डाव्या पेट्या बिघडल्यात," सिद्रामप्पा म्हणाले. "न्हायतर लोकं तिकडं का जातील?"

"पेट्या चांगल्या हायत, आप्पा."

"मग स्वामीजी बिघडलेत म्हणता का?"

रुद्रप्पाने डाव्या पेटीला कान लावून पाहिला. त्याने रविवारी रात्री जेवताना भाकरी अर्धी टाकली. महादेवीने कारण विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "उद्या किल्ली जाती बघ." त्याच्या ताटातली भाकरी उचलून तिने शिंक्यात ठेवली.

सोमवार उजाडला. मंडप भरला, म्हणजे उजवा भरला. डावीकडे सिद्रामप्पा रुद्रप्पाच्या करगोट्यातल्या किल्लीवर डोळा ठेवून बसले होते. रुद्रप्पाने मनाशी विचार केला, की दोष डाव्या पेट्यांत आहे का तारेत, हे एकदाचं बघावं. उजवीकडचा चांगला आवाज डावीकडे सोडून पाहायचा. पेटी बोलली तर पेटी निर्दोष. हिशेब सरळ होता. त्याने 'दोन्ही' बटण दाबलं आणि सगळ्या मंडपात, स्वामीजींच्या कानाशीसुद्धा, त्याची बायको बोलू लागली.

"...आता स्वामीजी म्हणत्यात, मोह सोडा. मी तीन दिवस आमच्या माणसाला हसतीय, तुमीबी हसलात. पण आज खरं सांगते. ह्यो माणूस वीस वर्सं हितं वायरी वढतोय. मठात आवाज खरखरला तर घरात त्याला जेवण जात न्हाय. आज त्याची किल्ली काढून घेणार हायत. घ्या बापडे. पण मग ह्यो माणूस संध्याकाळी घरात बसंल आणि मला बघवणार न्हाय. मला सैपाकघरातला दिवा नको. माझं काय, मी चिमणीवर करते. ह्योबी मोहच हाय. पण ह्यो कसा सोडायचा, ते स्वामीजींनी सांगितलं न्हाय."

स्वामीजी केव्हाच थांबले होते. फुलांच्या खोलीतल्या महादेवीच्या ते ध्यानात आलं नव्हतं. रुद्रप्पाचा हात बटणावरच राहिला. त्याला लाज वाटत होती आणि रडू येत होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्याने शेवटी नाक शिंकरलं. ते स्वामीजींच्या माईकने पकडलं आणि सगळ्या मंडपाला ऐकवलं.

सिद्रामप्पा उठले. चादर बाजूला करून त्यांनी उजवीकडचा ठासून भरलेला मंडप पाहिला. मग ते रुद्रप्पाजवळ आले.

"पेट्या चांगल्या हायत," ते म्हणाले. "किल्ली असू द्या तुमच्याकडंच."

स्वामीजींनी हाताने सगळ्यांना शांत केलं आणि महादेवीला बाहेर बोलावलं. ती पदर सावरत, हातातला अर्धा हार तसाच घेऊन आली.

"अक्का," स्वामीजी सावकाश मराठीत म्हणाले, "मी एवढं सांगितलं नव्हतं."

"चुकलं माझं. माफी करा."

"चुकलं नाही. पण माझं तुम्ही मराठी करण्यापेक्षा उलट केलेलं बरं. उद्यापासून तुम्ही आधी मराठीत सांगा. त्याचं कानडी मी करतो."

मंडप हसला, या वेळी दोन्ही बाजूंनी. सिद्रामप्पांनी काळजीने विचारलं, "मग सगळं वायरिंग बदलावं लागंल का?"

"न्हाय की," रुद्रप्पा म्हणाला. वीस वर्षांत त्याला इतका आनंद झाला नव्हता. "तेच चालतंय. महादेवी हितं बसंल, स्वामीजी फुलांच्या खोलीत. बटणसुद्धा बदलायचं न्हाय."

आणि मग त्याच्या डोक्यात काहीतरी आलं. त्याने स्वामीजींपुढे वाकून हात जोडले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो म्हणाला,

"स्वामीजी, एक विनंती हाय. कानडीत जरा कमी सांगा."

"का?"

"परवा अक्कलकोटहून सासू येतीय. तिला मराठी अजिबात कळत न्हाय. ती उजवीकडं, कानडीच्या पेट्यांखालीच बसणार."

स्वामीजींनी थोडा विचार केला.

"रुद्रप्पा," ते म्हणाले, "तुमच्या मंडळींसारखी भर घालणं मला जमत नाही. आणि गाळायला तर मी शिकलोच नाही."