विषय क्रमांक बारा ते पंधरा

नवीन फाईल उघडायचा मला कंटाळा आला, एवढंच झालं. बाकी माझा काही गुन्हा नाही.

मी नगरपंचायतीत सभा लिपिक आहे. बीड जिल्ह्यातल्या कुठल्या नगरपंचायतीत, ते विचारू नका (बदली मागायची झाली तर माझी मी मागेन, तुम्ही त्रास घेऊ नका). सभा लिपिक म्हणजे सतरा नगरसेवक एकाच वेळी ओरडत असताना शांतपणे 'सविस्तर चर्चा झाली' असं लिहिणारा माणूस. गेली दहा वर्षं मी हेच वाक्य लिहितोय. अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात.

फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची सभा असते. तिची विषयपत्रिका मी रविवारी घरी बसून टाईप करत होतो, कारण ऑफिसच्या इन्व्हर्टरची बॅटरी फुगली होती आणि ती बदलायचा विषय याच सभेत होता. अकरा विषय झाले. अंदाजपत्रकास मंजुरी देणे, बंद पथदिवे, धुराच्या मशीनची दुरुस्ती, कोंडवाड्याचं फाटक, घंटागाडीवरचं गाणं बदलणे वगैरे. एवढ्यात उज्ज्वला, म्हणजे आमची बायको, भाकरीच्या पिठाचे हात घेऊन समोर उभी राहिली.

"अहो, दोन आठवड्यानं आई येणार हाय लिंबागणेशहून. म्हैनाभर राहणार हाय."

"वा वा," मी म्हणालो. (चौदा वर्षांच्या संसारात 'वा' दोनदा म्हणायचं हे मी शिकलोय.)

"वा वा नका करू. कामं सांगते ती लिहून घ्या. गावाचं सगळं लिहिता, अन् घरचं सांगितलं की इसरता."

हे खरं असल्यानं मी मुकाट्यानं बोटं कीबोर्डवर ठेवली. इथंच तो कंटाळा आला. नवीन फाईल कशाला, याच्याच खाली लिहू आणि मग काढून टाकू, असा विचार करून मी एंटर मारला. कॉम्प्युटरनं आपणहून बारा आकडा टाकला.

"आईचे गुडघे दुखतेत. दारात बसायला तिला एक बाकडं करा."

मी टाईप केलं: 'मातोश्रींसाठी बाकडे बसविणे.' आता याला काय करणार? हाताला वळणच तसं पडलंय. परवा देवाला नवस बोलतानाही माझ्या तोंडून 'सदर मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असं गेलं.

"मोरी तुंबती. तिचं तोंड मोठं करा."

'तेरा: मोरीचे तोंड रुंद करणे.'

"सुट्टीच्या दिशी दुपारी घोरत पडू नका. आईला बरं दिसत न्हाई."

'चौदा: दुपारी दोन ते चार झोपण्यास प्रतिबंध करणे.'

"अन् सगळ्यात महत्त्वाचं. आमी मायलेकी बोलत बसलो की मधी मधी बोलायचं न्हाई."

'पंधरा: पतीने मध्ये मध्ये बोलण्याचे टाळणे.'

उज्ज्वलानं स्क्रीनवर वाकून वाचलं. तिचा चेहरा उजळला. "लई भारी लिवलं हो! पहिल्यांदा कायतरी माझ्या मनासारखं केलंत." या कौतुकानं मी इतका हरखलो की लॅपटॉप तसाच मिटला आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सोमवारी आसारामनं, म्हणजे आमच्या शिपायानं, विषयपत्रिकेच्या पंचवीस प्रती काढल्या. साहेबांनी, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी, सही केली. आसारामनं त्या सगळ्या नगरसेवकांच्या घरी पोहोच घेऊन वाटल्या. सभेला आठ दिवस होते. आठ दिवसांत ती पत्रिका एकानंही वाचली नाही, हे मी शपथेवर सांगतो, कारण ज्यानं ती तयार केली त्यानंही वाचली नव्हती.

सभेचा दिवस उजाडला. मधल्या मोठ्या खुर्चीत नगराध्यक्षा सत्यशीलाताई, शेजारी साहेब, समोर बाकीचे सोळा सदस्य. ताई धरून सतरांत नऊ बायका. आणि भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर त्यांतल्या आठ जणींचे नवरे (नवव्या बाईंचे यजमान स्वतःच सदस्यांत बसतात). हे नवरे सदस्य नाहीत, पण बोलतात तेच. बायकोला प्रश्न विचारला की भिंतीकडून उत्तर येतं. सगळ्यांत मोठा आवाज सत्यशीलाताईंचे यजमान सटवाजीराव यांचा. त्यांच्या खुर्चीला उशी आहे. (ती कोणत्या लेखाशीर्षातून आली, हे मला माहीत आहे, पण सांगणार नाही.)

मी उभं राहून विषय वाचायला लागलो. विषय एक, वर्षाचं अंदाजपत्रक, बारा कोटींचं. "मंजूर!" भिंतीकडून आवाज आला. चार मिनिटांत सगळ्या गावाचं वर्ष मंजूर झालं. पथदिवे मंजूर, फाटक मंजूर. घंटागाडीच्या गाण्यावर जरा वाद झाला. अकरावा विषय वाचला, पान उलटलं, आणि माझ्या पायाखालची फरशी सरकली.

समोर मातोश्री होत्या.

मी पान गपकन मिटलं. "विषय संपले. अध्यक्षांच्या परवानगीनं सभा..."

"थांब बे!" विरोधी गटाचे अंगदराव उठले. अंगदराव दहा वर्षं विरोधात आहेत. कशाच्या, ते बदलत असतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विषयपत्रिका डोळ्यांसमोर धरली. "संपले कसे? माझ्या कागदावर पंधरा हायेत. बारापासून पुढचे कावून गाळता?"

"अंगदराव, ते... टंकलेखनातली चूक..."

"चार-चार विषय चुकून पडत नसतेत! मोठा घोटाळा हाय ह्याच्यात! वाच! मोठ्यानं वाच!"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत 'हे काय आहे' हा प्रश्न होता, पण सही त्यांची असल्यानं त्यांना तो विचारता येईना. मी वाचलं, "विषय बारा. मातोश्रींसाठी बाकडे बसविणे."

अंगदरावांचा चेहरा पडला. घोटाळा शोधायला निघालेल्या माणसाला समोर आई भेटली की अवघडच होतं.

"कोणाच्या मातोश्री?" त्यांनी जरा खालच्या आवाजात विचारलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खरं बोलायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलं, आणि दहा वर्षांची सवय बाहेर पडली. "सर्वसाधारण," मी म्हणालो. "सर्वसाधारण मातोश्री."

"म्हंजी सगळ्यांच्याच!" सटवाजीरावांनी उशीवरून घोषणा केली. "आमच्या सत्ताधारी गटाला माता-भगिनींची काळजी हाय, अंगदराव. तुमचा विरोध हाय का आईला? तसं लिहून घे रे, भारत!" (भारत म्हणजे मीच.)

"आईला विरोध कोण करतंय?" अंगदराव कडाडले. "पण एकच बाकडं कावून? आमच्या प्रभागातल्या आया काय उभ्याच राहणार?"

मग जे सुरू झालं ते अडीच तास चाललं. बारा कोटी चार मिनिटांत गेले होते, बाकडं हलेना. दगडी की लोखंडी, पाठीला टेकण हवं की नको, सावलीला लिंब की पत्रा. एका सदस्यानं सावत्र आईचा मुद्दा काढला. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी प्रत्येक प्रभागात एक, अशी सतरा बाकडी मंजूर झाली. सूचक अंगदराव! दहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं नाव मी सूचक म्हणून लिहिलं. (मी लिहिलं: 'सविस्तर चर्चा झाली.')

तेरावा विषय, मोरीचं तोंड, कुणीही न विचारता मंजूर झाला. मोरी म्हणजे प्रत्येकाला आपापलीच वाटली. चौदाव्याला अंगदराव पुन्हा पेटले. "बरोबर हाय! दुपारी ऑफिसात आलं की अर्धे टेबलावर डोकं ठिवून असतेत! दोन ते चार झोपबंदी झालीच पायजे!" साहेबांनी चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा घातला. तोही मंजूर.

राहिला पंधरावा. मी तो शक्य तितका पुटपुटत वाचला.

"ऐकू आलं न्हाई," सत्यशीलाताई म्हणाल्या. सभेत त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"पतीने... मध्ये मध्ये... बोलण्याचे टाळणे."

"हा काय विषय हाय?" सटवाजीराव उठले. "असला विषय घेता येत न्हाई! हा विषय रद्द..."

"सूचक मी," सत्यशीलाताई म्हणाल्या.

"अनुमोदन!" आठ आवाज एकदम आले. आठही बायकांचे. एकीनं तर टेबल वाजवलं.

"अगं पण..." सटवाजीराव म्हणाले.

"हे बघा, मधी मधी बोलता," सत्यशीलाताई शांतपणे म्हणाल्या. "ठराव झालाय. आसाराम, ह्या सगळ्यांला बाहेर चहा दे. अन् ती उशी राहू दे, माझी पाठ दुखती."

सटवाजीरावांनी आशेनं अंगदरावांकडं पाहिलं. विरोध नोंदवायला एखादा सदस्य तरी हवा होता, पण अंगदरावांनी तोंडावर हात ठेवला होता. त्यांच्या सौभाग्यवती शेजारच्या प्रभागाच्या सदस्य होत्या आणि त्यांच्याकडंच बघत होत्या. भिंतीकडचे आठही नवरे रांगेनं बाहेर गेले.

मी घरी आलो तो आनंदात, की पकडलो गेलो नाही. पुढल्या आठवड्यात सासूबाई, म्हणजे छबुबाई, आल्या. त्यांनी दारात पिशवी टेकवली, आणि टेकायला दुसरं काही नसल्यानं स्वतः उंबऱ्यावर टेकल्या.

"अहो, बाकडं कुठंय?" उज्ज्वला म्हणाली.

"मंजूर झालंय," मी म्हणालो.

"मंजूर? मंजुरीवर बसायचं का आईनं?"

"अगं, आता अंदाज काढायचा, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा. जूनपर्यंत..."

"जावई काय म्हणतेत गं?" छबुबाईंनी विचारलं. उज्ज्वलानं थेट रामेश्वर सुताराला फोन लावला. तासाभरात बाकडं दारात होतं.

आणि त्याच संध्याकाळी आसाराम बंद पाकीट घेऊन घरी आला. कारणे दाखवा नोटीस! सटवाजीराव गेले आठ दिवस ऑफिसात हटून बसले होते, पंधरावा विषय कोणाच्या मागणीवरून आला ते दाखवा म्हणून. साहेबांनी सगळी कपाटं उपसली. बारा ते पंधराच्या मागं ना अर्ज, ना टिपणी, ना शिफारस. 'सदर विषय पत्रिकेत कसे आले याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा निलंबनाची कारवाई करण्यात येईल.'

निलंबन हा शब्द मी हजारदा टाईप केलाय. दुसऱ्याच्या नावापुढं तो इतका जड दिसत नाही. मी नव्या बाकड्यावर मटकन बसलो. दोन पोरांच्या शाळा, घराचे हप्ते, सगळं डोळ्यांपुढून गेलं. उज्ज्वलानं माझ्या हातातून कागद घेतला, वाचला, आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"अहो, ही तर माझी यादी हाय."

मी सगळं सांगितलं. मायलेकी ऐकत राहिल्या. आधी छबुबाई हसायला लागल्या, मग उज्ज्वला, मग दोघी एकमेकींच्या खांद्यावर. "म्हंजी माझ्यापायी सतरा बाकडी बसणार?" छबुबाईंनी डोळे पुसत विचारलं. मला रडू येत होतं.

त्या तीन दिवसांत मी खुलाशाचे सहा मसुदे केले. प्रत्येकात मी आणखी दोषी दिसत होतो. शेवटी उज्ज्वला म्हणाली, "आणा इकडं," आणि पोरीच्या वहीचं पान फाडून तिनं लिहिलं ते असं:

'साहेबांना नमस्कार. हे चारही विषय माझे आहेत. ते ऑफिसात कसे आले ते मी पाहिलं नाही, पण ह्यांच्या हातून येऊ शकतात. आमच्या लग्नाची पत्रिका ह्यांनीच टाईप केली होती, त्यात स्वतःच्या नावामागं चि. च्या जागी कै. टाकलं. छापखानेवाल्याच्या लक्षात आलं म्हणून बरं झालं. मागच्या दिवाळीत हे माझ्या भावाला आणायला स्टँडवर गेले आणि दुसऱ्याच माणसाला घेऊन आले. तो जेवून गेला. ह्यांनी मुद्दाम काही केलेलं नाही. मुद्दाम करायला डोकं लागतं. तरी नोकरी राहू द्यावी. बाकडं मी करून घेतलं आहे, मोरीचं तेवढं बघावं. सौ. उज्ज्वला.'

मी ते तसंच साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी एकदा वाचलं. दार लावून घेऊन पुन्हा वाचलं. मग सत्यशीलाताईंना बोलावून त्यांना वाचून दाखवलं. आतून बराच वेळ दाबलेल्या हसण्याचे आणि खुर्च्या हलल्याचे आवाज येत होते. दुपारी अडीच वाजता (सगळं ऑफिस टक्क जागं होतं) कागद माझ्याकडं परत आला. वर साहेबांचा शेरा होता:

'खुलासा समाधानकारक आहे. संबंधित कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा हेतुपुरस्सर नसून मूळचाच असल्याचे पत्नीच्या चौदा वर्षांच्या अनुभवावरून सिद्ध होते. प्रकरण बंद करण्यात येत आहे. तशी नोंद सेवापुस्तकात घ्यावी.'

सेवापुस्तकात नोंदी घ्यायचं काम आस्थापना लिपिकाचं. ते पद तीन वर्षं रिकामं आहे आणि त्याचा जादा कार्यभार माझ्याकडं आहे. त्यामुळं ती नोंद मीच घेतली, सुवाच्य अक्षरात, शब्द न् शब्द, खाली तारीख घालून.

साहेबांनी तपासली आणि परत पाठवली. मी ती चुकून आसारामच्या सेवापुस्तकात घेतली होती.